बघितलं होतं, पण दिसलं नाही!

कॉलेजच्या शेवटच्या सेमिस्टरची गोष्ट. सकाळचं पहिलं लेक्चर आणि नेहमीप्रमाणे उशीर. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर थांबवली. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, परत उजवीकडे बघितलं. पौड रोडवर लांबून एक टेम्पो येत होता, पण त्याला यायला वेळ होता. अ‍ॅक्सिलरेटर पिळला आणि दुसऱ्याच सेकंदाला धाडकन आवाज.

सायकलवरचे एक काका रस्त्यात पडले होते. हँडलला अडकवलेली पिशवी फाटली होती आणि त्यातला डबा घरंगळत लांब गेला होता. मनगट घट्ट धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "अगं पोरी, बघितलं नाहीस का?"

"बघितलं होतं हो काका!" मी रडकुंडीला येऊन म्हणाले. जमलेल्यांपैकी दोघं-तिघं हसले. हसणारच. भर उजेडात अख्खी सायकल समोरून येतेय आणि ही बया म्हणते, बघितलं होतं.

पण शप्पथ सांगते, मी खोटं बोलत नव्हते. त्या क्षणाचं चित्र आजही माझ्या डोक्यात पक्कं आहे. टेम्पो आहे, मेट्रोचे खांब आहेत, पलीकडचा चहावालासुद्धा आहे. फक्त सायकल नाही. 

काकांच्या मनगटाला प्लास्टर चढलं, चार आठवड्यांचं. त्या चार आठवड्यांत मी एकच प्रश्न डोक्यात घेऊन जे मिळेल ते वाचत होते. बघितलं, तर दिसलं का नाही? त्यातून जे हाती लागलं ते तुमच्याही कामाचं आहे. कारण हे पान वाचून झालं की तुमच्यापैकी कित्येक जण गाडीची किल्ली उचलणार आहात.

अंगठ्याच्या नखाएवढी नजर

आधी एक गंमत करा. एक हात समोर पूर्ण लांब करून अंगठा वर करा. आता अंगठ्याच्या नखाकडे बघा. तुमच्या डोळ्याला खरोखर स्पष्ट, बारकाव्यांसकट दिसणारा भाग जवळपास तेवढाच असतो. साधारण दोन अंश. बाकीचं सगळं धूसर. पटत नसेल तर याच ओळीतल्या एका शब्दावर नजर रोखा आणि डोळे न हलवता चार ओळी खालचा शब्द वाचायचा प्रयत्न करा. नाही ना जमत?

मग आपल्याला अख्खा रस्ता स्वच्छ दिसतोय असं का वाटतं? कारण डोळे गप्प बसत नाहीत. सेकंदाला साधारण तीन वेळा ते इकडून तिकडे उडी मारतात, थांबतात, पुन्हा उडी मारतात. प्रत्येक थांब्याला नखाएवढा एक तुकडा मिळतो. असे तुकडे जोडून मेंदू चित्र तयार करतो आणि मधल्या रिकाम्या जागा अंदाजाने भरतो.

आता दुसरी गंमत. आरशासमोर उभे राहा. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या, परत डाव्या. तुम्हाला स्वतःचे डोळे हलताना कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीला मात्र ते हलताना स्पष्ट दिसतील. उडी मारतानाचं दृश्य मेंदू सरळ कापून टाकतो. नाहीतर दिवसभर सगळं जग हलत्या कॅमेऱ्यासारखं फरफटलेलं दिसलं असतं.

गल्लीच्या तोंडाशी आपण मान गर्रकन उजवीकडे-डावीकडे फिरवतो तेव्हा नेमकं हेच होतं. त्या झटक्यात नजर मोजून दोन-तीन ठिकाणी टेकते. मधल्या पट्ट्यात एखादी सायकल किंवा बाईक असेल, तर तिच्या जागी मेंदू 'रिकामा रस्ता' रंगवून मोकळा होतो. टेम्पो मोठा होता, दोन थांब्यांच्या मधे मावण्यासारखा नव्हता. सायकल मावली.

त्यात आणखी एक भर. जिथून डोळ्याची नस मेंदूकडे निघते तिथे दिसायची सोयच नसते. प्रत्येकाच्या प्रत्येक डोळ्यात असा एक आंधळा ठिपका असतो. कागदावर एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर एक छोटा ठिपका. डावा डोळा मिटा, उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत कागद पुढेमागे करा. साधारण एक फूट अंतरावर ठिपका गायब होईल. गंमत म्हणजे तिथे भोक दिसत नाही, कागदच दिसतो. मेंदू आपल्याला 'इथलं माहीत नाही' असं कधी सांगत नाही. ठोकून देतो.

जे शोधतो तेच सापडतं

पण नजर नेमकी त्या वस्तूवर टेकली तरी ती दिसेलच याची खात्री नाही.

१९९९ साली हार्वर्डमधल्या डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या दोघांनी एक प्रयोग केला. तो तुम्ही कदाचित सायकॉलॉजीच्या लेक्चरला बघितलाही असेल. काही जण एकमेकांकडे बॉल टाकतायत, त्यातल्या पांढऱ्या शर्टवाल्यांनी किती पास दिले ते मोजायचं. मधेच गोरिलाच्या वेशातली एक व्यक्ती चालत येते, छाती बडवते आणि निघून जाते. मोजण्यात गुंतलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांना तो गोरिला दिसला नाही.

'आम्ही असतो तर दिसला असता' असं आपल्याला वाटतंच. म्हणून २०१३ सालचा पुढचा प्रयोग सांगते. या वेळी समोर होते अनुभवी रेडिओलॉजिस्ट, म्हणजे स्कॅनमधली बारीकशी गाठ हेरणं हेच ज्यांचं रोजचं काम. त्यांना फुफ्फुसांचे स्कॅन दिले आणि गाठी शोधायला सांगितलं. एका स्कॅनमध्ये नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं गोरिलाचं चित्र घुसवलं होतं. २४ पैकी २० जणांना ते दिसलं नाही. आणि त्यातल्या बहुतेकांची नजर त्या गोरिलावरून गेली होती, हे डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्राने दाखवून दिलं.

बघितलं होतं, पण दिसलं नाही. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली.

कारण रस्त्यावर हेच घडतं. अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाच्या टीमने लॉस एंजेलिस परिसरातले ९०० मोटारसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले आणि १९८१ साली त्यांचा अहवाल आला. मोटारसायकल आणि दुसरं वाहन यांच्यातल्या अपघातांपैकी दोन तृतीयांश वेळा दुसऱ्या वाहनाच्या ड्रायव्हरने मोटारसायकलच्या वाटेत घुसून तिचा हक्क डावलला होता. सगळ्यात मोठं कारण काय निघालं, तर ड्रायव्हरच्या नजरेने मोटारसायकल टिपलीच नाही. ते कार शोधत होते, मोटारसायकल त्यांच्या शोधात नव्हतीच.

आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नवीन टू-व्हीलरचा हेडलाइट इंजिन सुरू झाल्याबरोबर आपोआप लागतो, तो यासाठीच. सुरुवातीला समोरून येणारा प्रत्येक माणूस हाताची बोटं उघड-मिट करून 'लाइट चालू आहे' असं सांगायचा, आठवतंय? काही जण अजूनही सांगतात. दिवसाचा तो लाइट आपल्याला रस्ता दिसावा म्हणून नसतोच. आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून असतो. सायकलला मात्र तेवढीही सोय नाही.

ठिपका अचानक मोठा होतो

'अजून लांब आहे, जातो आपण.' रस्ता क्रॉस करताना, ओव्हरटेक मारताना हे वाक्य आपण मनात रोज म्हणतो. हा अंदाज आपण कशावरून बांधतो?

आडवी जाणारी गाडी मागच्या दुकानांच्या, झाडांच्या तुलनेत सरकते, म्हणून तिचा वेग कळतो. पण सरळ आपल्याच दिशेने येणारी गाडी नजरेत जागच्या जागीच असते. ती फक्त मोठी होत जाते. आणि हे मोठं होणं सारखं नसतं. अंतर निम्मं झालं की आकार दुप्पट दिसतो. ६० च्या वेगाने येणारी बाईक २०० मीटरवरून १०० मीटरवर यायला सहा सेकंद घेते. त्या सहा सेकंदांत छोटा ठिपका थोडा मोठा ठिपका होतो, एवढंच. पण ५० वरून २५ मीटरवर यायला तिला दीडच सेकंद लागतो. म्हणजे बराच वेळ काहीच होत नाहीये असं वाटतं आणि मग एकदम बाईक अंगावर येते. 'कुठून आला कळलंच नाही' असं लोक म्हणतात ते या अर्थी अगदी खरं असतं.

त्यात मेंदूची आणखी एक खोड. लहान वस्तू लांब आहे असं तो धरून चालतो. समोरून ट्रक आणि बाईक एकाच वेळी पोचणार असले, तरी बाईक उशिरा पोचेल असं बघणाऱ्याला वाटतं. मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगांतून दाखवलं आहे. त्यामुळे ट्रकपुढे आपण घुसत नाही, बाईकपुढे बिनधास्त घुसतो.

स्वतःच्या वेगाबद्दलचा अंदाजही असाच फसवतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरून तासाभराने शहरात उतरलात की ६० चा वेग चक्क रांगल्यासारखा वाटतो. डोळ्यांना मघाच्या वेगाची सवय झालेली असते. अशा वेळी मनाला विचारू नका, स्पीडोमीटरला विचारा.

दिसलं, पण कळलं का?

मिका एन्ड्सली या अमेरिकन संशोधिकेने वैमानिकांचा अभ्यास करून १९९५ साली एक साधी मांडणी केली. आजूबाजूचं भान तीन पायऱ्यांनी येतं. पहिली पायरी, वस्तू दिसणं. दुसरी, तिचा अर्थ लागणं. तिसरी, पुढे काय होणार याचा अंदाज येणं. हे आपल्या रस्त्याला लावून बघा.

समोर रिक्षा चालली आहे. ती दिसली, पहिली पायरी. मागची सीट रिकामी आहे आणि रिक्षावाल्या काकांची मान डावीकडे फुटपाथकडे वळते आहे. भाडं शोधतायत, दुसरी पायरी. पुढच्या स्टॉपवर एक आजी पिशव्या घेऊन हात करतायत. म्हणजे दोन सेकंदांत रिक्षा कचकन डावीकडे कापणार, ही तिसरी. मुरलेला ड्रायव्हर तिथे आधीच अ‍ॅक्सिलरेटर सोडतो. नवखा रिक्षा वळल्यावर ब्रेक मारतो आणि वर शिव्या घालतो, "बघून चालवा की!"

थांबलेल्या बसखालून दिसणारे पाय, गल्लीतून रस्त्यावर आलेला बॉल, पार्क केलेल्या कारच्या आत हललेलं डोकं, पाण्याने भरलेल्या डबक्याला टाळायला निघालेला पुढचा बाईकवाला. हे सगळं डोळ्यासमोर असतं. पण तिसऱ्या पायरीपर्यंत पोचलं तरच त्याचा उपयोग.

नवख्यांचं नेमकं कुठे चुकतं, याचा एक जुना अभ्यास आहे. १९७२ साली मोरंट आणि रॉकवेल या दोघांनी नवशिक्या आणि अनुभवी ड्रायव्हरांच्या नजरा टिपल्या. नवशिके गाडीच्या अगदी पुढ्यातला रस्ता आणि त्याची कडा बघत होते, आरशात कमी बघत होते. अनुभवी ड्रायव्हरांची नजर लांबवर आणि रुंद फिरत होती. आठवा तुमचे पहिले दिवस. सगळं लक्ष खड्ड्यात, क्लचमध्ये आणि गाडी बंद पडू नये यात.

ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २००२ पासून लायसन्सच्या परीक्षेत याचीच चाचणी होते. कारसाठी १४ व्हिडिओ क्लिप दाखवतात. रस्त्यावर धोका तयार होताना दिसला की क्लिक करायचं. जितक्या लवकर ओळखाल तितके जास्त मार्क. आपण काय करतो? चिन्हं पाठ करून लर्निंग काढतो, आरटीओच्या ट्रॅकवर पाय न टेकता आठचा आकडा काढतो आणि लायसन्स खिशात. गाडी सांभाळता येते हे त्यातून कळतं. रस्ता वाचता येतो का, हे आपल्याला कुणी विचारतच नाही.

आणि रस्त्याची भाषा सगळीकडे सारखीही नसते. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला की अर्थ असतो, 'मी येतोय, तू थांब.' ब्रिटनमध्ये तोच डिपर पुष्कळदा 'तुम्ही जा' या अर्थाने मारतात. एमएसला बाहेर जाणाऱ्यांनो, हे लक्षात ठेवा. एवढंच कशाला, हायवेवर पुढच्या ट्रकचा इंडिकेटर कधी 'मी वळतोय' म्हणतो आणि कधी 'जा पुढे'. दोन्हींत जीवन-मरणाचा फरक आहे.

अडीच सेकंद

सिव्हिल इंजिनीअरिंगवाल्या मित्राला मी हे सगळं उत्साहाने सांगत होते, तर तो म्हणाला, "हे आम्हाला ट्रान्सपोर्टेशनच्या पेपरला असतं की!" त्यांच्याकडे त्याला 'पी-आय-ई-व्ही' म्हणतात. परसेप्शन, इंटलेक्शन, इमोशन, व्हॉलिशन. म्हणजे दिसणं, कळणं, वाटणं आणि ठरवणं. या चार गोष्टी झाल्याशिवाय पाय ब्रेकवर जात नाही. मला गंमत वाटली ती तिसऱ्या अक्षराची. इंजिनीअरिंगच्या सूत्रात चक्क भावना! पण बरोबर आहे. 'याने मला कट मारला' हा राग किंवा 'आता लेक्चर बुडणार' ही घाई निर्णयाचा वेळ खाते किंवा निर्णयच चुकवते.

रस्ते आखताना इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत या सगळ्यासाठी अडीच सेकंद धरतात. सावध माणूस याहून लवकर ब्रेक मारू शकतो. पण रस्ता सगळ्यांसाठी असतो, थकलेल्या आणि गोंधळलेल्या माणसांसाठीसुद्धा, म्हणून हा आकडा मोकळा हात ठेवून धरलेला आहे. अडीच सेकंद आणि त्यापुढे ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंतचं अंतर मिळून ४० च्या वेगाला ४५ मीटर धरतात आणि ६० च्या वेगाला ८० मीटर. क्रिकेटचं पिच २० मीटरचं असतं. म्हणजे ४० ला सव्वादोन पिच आणि ६० ला चार. वेग दीडपट, अंतर जवळपास दुप्पट. आता सांगा, पुढच्या गाडीच्या मागे आपण किती अंतर ठेवतो?

आणि ४० च्या वेगात दोन सेकंद फोनच्या स्क्रीनवर नजर टाकली, 'आलेच' एवढंच टाइप केलं, तर त्या वेळात गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. बोलरच्या टोकापासून स्टंपच्या मागेपर्यंत, डोळे मिटून.

'मी तर ब्लूटूथवर बोलते, हात हँडलवरच असतात' असं म्हणणाऱ्यांत मीही होते. युटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रेयर यांनी २००१ साली एका सहकाऱ्याबरोबर याचा प्रयोग प्रसिद्ध केला. फोनवर बोलताना लोकांकडून सिग्नल चुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं आणि फोन हातात असो वा हँड्सफ्री, काही फरक पडला नाही. अडचण हाताची नाहीच, लक्षाची आहे. मग मागे बसलेल्या मैत्रिणीशी बोललं तर चालतं का? तिथे एक फरक आहे. तिला रस्ता दिसत असतो. चौक आला, ट्रक आडवा आला की ती आपोआप गप्प होते, नाहीतर "अगं, बघ बघ" म्हणून ओरडते. फोनवरचा माणूस मात्र त्याच सुरात 'मग काय म्हणाला तो?' विचारत राहतो.

नियम म्हणजे अंदाज

हे सगळं वाचताना माझं वाहतुकीच्या नियमांबद्दलचं मत बदललं. आतापर्यंत नियम म्हणजे चौकात मामा उभे असतील तर पाळायची गोष्ट, असंच वाटायचं. पण मेंदूला जर अपेक्षित गोष्टच नीट दिसत असेल, तर नियम म्हणजे आपण एकमेकांना आधीच दिलेला अंदाज असतो. मी डाव्या बाजूनेच येणार, लाल दिव्याला थांबणारच, वळण्याआधी इंडिकेटर देणारच. त्या अंदाजावर समोरचा आपली नखाएवढी नजर कुठे टेकवायची ते ठरवतो.

राँग साइडने शंभर मीटर गेलं तर काय बिघडतं, असं आपण म्हणतो. बिघडतं ते असं. त्या गल्लीतून बाहेर पडणारा माणूस गाड्या येण्याच्या दिशेला बघणार. तुम्ही त्याच्या शोधातच नाही. तुम्ही त्याचा गोरिला आहात.

हेच सायकलींचं. अनेक शहरांचे आणि देशांचे आकडे तपासून पीटर जेकबसन यांनी २००३ साली दाखवलं की जिथे चालणारे आणि सायकलवाले जास्त, तिथे त्यांच्यातल्या प्रत्येकाला असलेला धोका कमी. यामागचं एक कारण म्हणजे तिथे ड्रायव्हरांना सायकल दिसायची सवय असते. आपलं पुणे कधी काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. आजोबांच्या गोष्टीत सायकलींचे थवे असतात. त्या पुण्यात त्या दिवशी माझ्या डोक्यातल्या यादीत कार होती, बस होती, टेम्पो होता. सायकल नव्हती.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली सुमारे ४४ टक्के टू-व्हीलरवरची होती. म्हणजे आपण. दिसत नाही म्हणून मरणारेही आपण आणि न दिसल्यामुळे मारणारेही कधी कधी आपणच.

मग करायचं काय?

डोळे तर बदलता येत नाहीत. बघायची पद्धत बदलता येते.

मान फिरवताना थांबे घ्या. लढाऊ असो वा प्रवासी, वैमानिकांना आकाश एकदम चाळायला शिकवत नाहीत. एकेका पट्ट्यात नजर टेकवून पुढे सरकायला शिकवतात. चौकात तेच करायचं. जवळ, मध्ये, लांब. प्रत्येक ठिकाणी क्षणभर थांबायचं. आणि निघण्याआधी मनात नाव घेऊन शोधायचं, 'सायकल? बाईक? चालणारं कुणी?' शोधलं तर सापडतं, हे लक्षात आहे ना?

कार चालवत असाल तर काचेच्या बाजूच्या खांबामागे अख्खी बाईक लपू शकते. वळताना मान पुढेमागे करून त्या खांबाच्या आडचं बघा. बस किंवा ट्रकच्या जवळ असाल तर त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसतोय का बघा. तुम्हाला तो दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून डावीकडून घुसणारा सगळ्यात कमी दिसतो आणि आपण घुसतो ते नेमके डावीकडूनच.

आणि मागे बसलात की नुसतं रील बघू नका. चालवणाऱ्याबरोबर मनात खेळ खेळा, पुढे आता काय होणार? रिक्षा वळणार का, ती कार दार उघडणार का? आठवडाभर खेळून बघा. पुढच्या वेळी हँडल हातात येईल तेव्हा फरक कळेल.

शेवटी एकच गोष्ट राहिली. प्लास्टर निघालं त्या आठवड्यात मी आईबरोबर काकांना भेटायला गेले. ते एका सोसायटीत वॉचमन आहेत. महिनाभर सायकल बंद, म्हणून रोज दोन बस बदलून ड्युटीला जात होते. चहा पिताना मी त्यांना हे सगळं सांगितलं, गोरिलासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते असेल गं. पण मला एक सांग. तू माझ्याकडे सरळ बघितलंस. मी तुझे डोळे बघितले. म्हणून तर मी ब्रेक दाबला नाही. मला वाटलं, पोरीने बघितलंय, थांबेल."

मला काही बोलताच आलं नाही. ज्या बघण्याच्या जोरावर मी स्वतःला निर्दोष समजत होते, त्याच बघण्यावर त्यांनी भरवसा टाकला होता.

आता गल्लीच्या तोंडाशी कुणी सायकलवरून येत असेल तर मी नुसतं बघत नाही. मान हलवते, किंवा हाताने 'या' म्हणते. समोरून मान हलली की मग निघते. आणि मी स्वतः मेन रोडवर असते तेव्हा गल्लीतल्या कुणाचे डोळे माझ्याकडे वळले म्हणून त्याने मला बघितलं, असं धरून चालत नाही. त्याचं चाक थांबलंय का, ते बघते.

काका परत सायकलवर यायला लागले आहेत. कधी दिसले की तेच लांबून ओरडतात, "दिसलो का?"